कोंबडी भाजण्याआधी ब्राईन करणं: पाण्यातलं की कोरडं?

काटेतोल

भाजलेल्या कोंबडीची छाती कोरडी पडते, चोथा होतो, ही तक्रार पाककृतीच्या जवळजवळ प्रत्येक धाग्याखाली येते. उत्तरंही ठरलेली असतात: वरून लोणी लावा, झाकून भाजा, मसाला आणखी वेळ मुरू द्या. लोणी कातडीवरून ओघळून ट्रेमध्ये जातं, मसाला वरच्या थरापुरता राहतो आणि आत मांस होतं तसंच कोरडं राहतं. मांसाच्या आतपर्यंत पोहोचून काही बदल घडवणारी, घरात असलेली वस्तू एकच, ती म्हणजे मीठ. फक्त ते मोजून आणि वेळेआधी लावायला हवं. ब्राइनिंग म्हणतात ते एवढंच.

दोन पद्धती आहेत. पहिलीत मिठाच्या पाण्यात कोंबडी बुडवून ठेवायची. नेहमीचं प्रमाण १ लिटर पाण्याला ५० ते ६० ग्रॅम मीठ. बोनलेस तुकड्यांना पाऊण ते एक तास पुरतो, हाडासकट तुकड्यांना दोन-तीन तास, दीड किलोच्या अख्ख्या कोंबडीला सहा ते आठ तास. मग बाहेर काढायची, कोरडी टिपायची, शिजवायची. पाणी ओतून द्यायचं.

दुसरी पद्धत कोरडी. पाणी नाहीच. कोंबडीच्या वजनाच्या १ ते सव्वा टक्का मीठ सगळीकडून चोळायचं. दीड किलोची कोंबडी असेल तर १५ ते १८ ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट लहान चमचा साधारण ६ ग्रॅमचा असतो, म्हणजे अडीच-तीन चमचे. नंतर जाळीवर, उघडीच, फ्रीजमध्ये १२ ते २४ तास.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कातडीसकट भाजायची असेल तर कोरडी पद्धत निर्विवाद सरस. कातडी काढलेले, चरबी नसलेले छातीचे तुकडे झटपट करायचे असतील तर पाण्यातली. दोन्हीकडे मीठ तोलून घ्या. अंदाजपंचे मुठीने घातलेलं मीठ हेच बहुतेक बिघाडांचं मूळ असतं. जाड खड्याचं मीठ आणि बारीक मीठ यांचा चमचा भरून वजनात खूप फरक पडतो. भुसभुशीत पापडीचं मीठ तर बारीक मिठाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं भरतं. त्यामुळे 'एक वाटी मीठ' असं लिहिलेल्या कृतीवर मी विश्वास ठेवत नाही.

नवी_चूल

छान विषय. एक मूलभूत शंका. मीठ तर पाणी ओढून घेतं. काकडीवर मीठ घातलं की लगेच पाणी सुटतं. मग कोंबडीचं अंगचं पाणी सुटून ती उलट आणखी कोरडी व्हायला नको का?

अणुरेणू

ही शंका अगदी रास्त आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तिचं उत्तर 'ऑस्मॉसिसमुळे पाणी आत जातं' असं चुकीचं दिलेलं असतं. ऑस्मॉसिस म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाण्याचं कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जाणं. ते एकटंच काम करत असतं, तर खारट पाण्याने मांसातलं पाणी बाहेरच ओढलं असतं. खरं कारण प्रथिनांत आहे.

कच्च्या कोंबडीच्या मांसात वजनाने सुमारे ७५ टक्के पाणी असतं. त्यातलं बहुतेक पाणी स्नायूतंतूंच्या आत, मायोसिन आणि अ‍ॅक्टिन या प्रथिनांच्या धाग्यांमधल्या फटींमध्ये धरलेलं असतं. मांस तापलं की ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन आवळायला लागतं. ६५ च्या पुढे अ‍ॅक्टिनची पाळी येते. धागे आक्रसतात, फटी अरुंद होतात, पाणी पिळून बाहेर येतं. छातीची कोरड म्हणजे हे पिळून गेलेलं पाणी.

आता मीठ आत शिरलं की त्यातले क्लोराइड आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, या धाग्यांना चिकटतात. धाग्यांवरचा ऋण भार वाढतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, फटी रुंदावतात आणि तिथे जास्त पाणी मावतं. शिवाय काही मायोसिन मिठाने विरघळतं आणि तापल्यावर त्याचं जेल बनून पाणी धरून ठेवतं. १९८३ साली ऑफर आणि ट्रिनिक या दोन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू मिठाच्या द्रावणात फुगताना दाखवले होते. मूळ आकारमानाच्या दुपटीपर्यंत आणि त्याहूनही जास्त फुगले.

काकडीत असं काही होत नाही, कारण तिथे पाणी धरणारी अशी प्रथिनांची जाळी नाही. तिथे पेशीतून पाणी निघालं की निघालं.

मात्र जास्त मीठ म्हणजे जास्त रसाळ, असं समजू नये. संपृक्त द्रावणात, म्हणजे सुमारे २६ टक्के मिठाच्या पाण्यात, मांस पाणी गमावतं. मासे खारवून टिकवतात ते याच तत्त्वावर. आपलं ५-६ टक्क्यांचं द्रावण त्याच्या कितीतरी अलीकडे आहे.

नवी_चूल

इतकं स्पष्ट कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद! मग कोरड्या पद्धतीत पाणी कुठून येतं?

काटेतोल

कोंबडीतूनच. मीठ चोळल्यावर जरा थांबून बघा. दहा-पंधरा मिनिटांत पृष्ठभागावर बारीक थेंब उभे राहतात आणि कडेला मिठाचे कण ओले होऊन विरघळतात. ही तुमची काकडी. इथपर्यंत ऑस्मॉसिस. अर्ध्या तासाने मांस चकचकीत ओलं दिसतं, आणि याच टप्प्यावर अनेक जण ते पाणी पुसून तव्यावर टाकतात. ही सर्वांत वाईट वेळ, कारण मीठ आणि रस दोन्ही कागदावर जातात. थांबलात तर ते खारट पाणी हळूहळू परत आत शोषलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांस कोरडं दिसतं, रंग गडद झालेला असतो आणि कातडी डफाच्या चामड्यासारखी ताणलेली, किंचित पारदर्शक. खालच्या गुलाबी मांसाचा रंग तिच्यातून दिसतो. अशी कातडी ओव्हनमध्ये कुरकुरीत होतेच.

म्हणून नियम असा: एक तर मीठ लावून लगेच शिजवा, नाही तर निदान पाऊण-एक तास थांबा. मधल्या वेळेत शिजवू नका.

झणका

कोरडी पद्धत ठीक आहे, पण पाण्यातल्या पद्धतीत मसाले, लसूण, मिरी, तमालपत्र सगळं घालता येतं. चव आतपर्यंत जाते. मी तर पाण्याऐवजी चिकन स्टॉकच वापरतो.

अणुरेणू

झणका, इथे मी असहमत आहे. मिठाचे आयन अगदी लहान असतात, म्हणून ते आत सरकतात. साखर थोडीफार जाते, सावकाश. लसूण, मिरी, तमालपत्र यांच्या सुवासाचे रेणू मोठे, शिवाय बरेचसे तेलात विरघळणारे. पाण्यात ते फारसे उतरतच नाहीत, उतरले तरी वरच्या एक-दोन मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. स्टॉकमधली जिलेटिनसारखी प्रथिनं तर आणखी मोठी. तुकडा मधोमध कापून फक्त आतला भाग चाखून पाहा. मीठ लागेल, तमालपत्र लागणार नाही.

मसाला ब्राईनमध्ये घालण्यापेक्षा नंतर कोरड्या पृष्ठभागावर लावा. तेवढ्याच मसाल्यात कितीतरी जास्त चव मिळते.

झणका

कापून फक्त आतलं चाखलं नव्हतं. करून बघतो. पण वरच्या थराला सुगंध येतो हे तर खरं ना? खाताना घासात वरचा थरही असतोच.

अणुरेणू

येतो, मान्य. पातळ तुकड्यांना तर नक्कीच. अख्ख्या कोंबडीला त्यासाठी मूठभर मसाला पाण्यात घालून ओतून देणं मला पटत नाही.

सावकाश

पाण्यातल्या पद्धतीवर माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे, आणि तो कोणी मांडला नाही म्हणून लिहिते. मांस रसाळ होतं म्हणजे त्यात पाणी भरतं. वजन सहज १० टक्क्यांच्या आसपास वाढतं. तो रस कोंबडीचा नसतो, नळाचा असतो. घास ओला लागतो पण चव पातळ होते. चांगली, चवीला दमदार कोंबडी मिळाली असेल तर तिच्यात पाणी भरणं मला सहन होत नाही. कोरड्या पद्धतीत तिचाच रस तिच्यात राहतो आणि मीठही लागतं.

दुसरं म्हणजे भाजताना ट्रेमध्ये साठणारा रस. पाण्यातल्या ब्राईनने तो इतका खारट होतो की सॉस करता येत नाही. करायचाच असेल तर बिनमिठाचा स्टॉक घालून पातळ करावा आणि शेवटी चाखेपर्यंत मीठ घालू नये.

काटेतोल

सावकाश यांच्याशी पूर्ण सहमत. तरी पाण्यातली पद्धत मी रद्द करणार नाही. कातडी नसलेली छाती, तीही ग्रिलवर किंवा धुरावर, म्हणजे जिथे तापमान हाताबाहेर जाण्याची भीती असते, तिथे ते जादा पाणी विमा म्हणून कामाला येतं. शिजताना जातं तेवढं पाणी जातंच, पण सुरुवात जास्त पाण्याने झालेली असल्यामुळे शेवटी ताटात येणारा तुकडा कमी कोरडा असतो.

मिताहारी

घरात रक्तदाबाचा त्रास असलेले लोक आहेत. किती मीठ पोटात जातं याचा हिशेब कसा लावायचा? पाण्यातल्या पद्धतीत किती शोषलं गेलं हे कळणार कसं?

काटेतोल

अतिशय महत्त्वाचा प्रश्न. ५-६ टक्क्यांच्या द्रावणात मीठ किती आत गेलं हे वेळेवर ठरतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. कोरड्या पद्धतीत मात्र हिशेब सरळ आहे: लावलं तेवढंच. १ किलोला १० ग्रॅम लावलं आणि चार जणांनी खाल्लं, तर माणशी फार तर अडीच ग्रॅम. मग वरून मसाल्यात, सॉसमध्ये, चटणीत मीठ घालायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे हे अडीच ग्रॅम त्याच्या निम्मे झाले. ते लक्षात घेऊन बाकीचं जेवण आखावं लागेल. डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली असेल तर तीच पाळायची. अर्धा टक्का मीठही काही ना काही फायदा देतं, पूर्ण टक्क्याइतका नाही.

पाण्यातच करायचं असेल तर समतोल पद्धत वापरा. कोंबडी आणि पाणी दोन्ही एकत्र तोलायचं आणि त्या एकूण वजनावर मीठ काढायचं. १ किलो कोंबडी, १ लिटर पाणी, एकूण २ किलो. सव्वा टक्का म्हणजे २५ ग्रॅम मीठ. मीठ पाण्यात आणि मांसात सारखं होईपर्यंत, म्हणजे तुकड्यांना रात्रभर आणि अख्ख्या कोंबडीला एक-दोन दिवस, फ्रीजमध्ये ठेवायचं. मांसातलं मीठ सव्वा टक्क्याच्या फार पुढे जाऊच शकत नाही. वेळ थोडा चुकला तरी खारट होत नाही. मीठही कमी लागतं.

मिताहारी

हे फारच उपयोगी. मनापासून आभार.

तव्यावरची

बाजारात मिळणाऱ्या काही पाकीटबंद कोंबड्यांत आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं ना? त्यांना पुन्हा ब्राईन करायचं का?

सावकाश

नाही. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. चिकनशिवाय पाणी, मीठ, फॉस्फेट असं काही लिहिलं असेल तर काम कारखान्यातच झालेलं आहे. फॉस्फेट मिठाच्या जोडीने पाणी धरून ठेवण्याचं काम आणखी वाढवतं. यादी नसेल तर पोषणमूल्यांच्या तक्त्यात सोडियम बघा. साध्या कच्च्या कोंबडीत १०० ग्रॅमला साधारण ५० ते ९० मिलिग्रॅम असतं. आकडा २०० च्या पुढे असेल तर बाहेरून मीठ घातलेलं आहे. तिला फक्त टिपून कोरडी करा आणि मसाला बिनमिठाचा लावा.

रविवारचा_बेत

रस्सा करणाऱ्यांनी यात पडावं का? आमच्याकडे भाजणं क्वचित, रस्साच जास्त.

काटेतोल

रश्श्यात फायदा कमी. तुकडे खारट द्रवातच शिजतात आणि पाणी सुटलं तरी ते रश्श्यातच राहतं, ताटाबाहेर जात नाही. त्यातही मांडीचे तुकडे असतील तर गरजच नाही. तंगडीत, मांडीत संयोजी ऊतक, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग, जास्त असतं, ते विरघळायला उलट जास्त तापमान आणि वेळ लागतो. आणि ते विरघळलं की मांस आपोआप मऊ, चिकटसर रसाळ लागतं. रश्श्यात छातीचे तुकडे घालणार असाल तर अर्धा-पाऊण टक्का मीठ तासभर आधी चोळा, रश्श्यात तेवढं कमी घाला आणि ते तुकडे शेवटी सोडा. तुकडे शेवटी सोडण्याने ब्राईनपेक्षाही जास्त फरक पडतो.

झणका

दही, लिंबू लावून ठेवणं हेही ब्राइनिंगच झालं का मग?

अणुरेणू

मीठ घातलेलं दही असेल तर त्यातलं मीठ ब्राईनचंच काम करतं. आम्लाचं काम वेगळं. लिंबाचं तीव्र आम्ल पृष्ठभागावरची प्रथिनं न शिजवताच बिघडवतं. जास्त वेळ ठेवलं तर बाहेरचा थर पिठूळ होतो आणि आतला जसाच्या तसा राहतो. दही सौम्य आहे, रात्रभर चालतं. लिंबू शेवटी पिळावं किंवा शिजवण्याआधी अर्धा तास लावावं, एवढंच मी करते. आधी मीठ लावून कोंबडी काही तास ठेवायची आणि मग दह्याचा मसाला लावायचा, हा क्रम सर्वांत चांगला. मसाल्यात मीठ धरू नका.

निर्मळ

स्वच्छतेबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. कृपया हे हलक्यात घेऊ नका.

मीठ ५-६ टक्के असलं तरी त्याने जंतू मरत नाहीत. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर कच्च्या कोंबडीवर असू शकतात. ब्राईनचा सगळा वेळ कोंबडी ५ अंशांखालीच हवी, ओट्यावर नाही. फ्रीजमध्ये जागा नसेल तर कोरडी पद्धत करा, तिला थाळीएवढीच जागा लागते. कोमट पाण्यात कोंबडी कधीही घालू नका. मीठ विरघळायला पाणी उकळलं असेल तर ते पूर्ण गार होऊ द्या, किंवा निम्म्या पाण्यात मीठ विरघळवून उरलेल्या निम्म्याच्या वजनाचा बर्फ घाला.

कोंबडी नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, पाण्याचे शिंतोडे उडून ओटा, भांडी, शेजारची भाजी यांवर पसरतात. ब्राईनमधून काढल्यावरही खळबळायची गरज नाही, प्रमाण बरोबर असेल तर कागदाने टिपलं की पुरतं. वापरलेलं ब्राईन पुन्हा वापरायचं नाही, उकळूनही नाही. उघडी ठेवलेली कोंबडी फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे थेंब दुसऱ्या अन्नावर पडणार नाहीत. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ नको, मिठाने ते खराब होतं.

तव्यावरची

निर्मळ, +१. खालच्या कप्प्याचं कित्येकांना माहीत नसतं.

रविवारचा_बेत

शिजली हे ओळखायचं कसं? ब्राईन केलेलं मांस हाडाजवळ गुलाबी राहतं, त्यामुळे घरात कोणी खायला तयार होत नाही.

निर्मळ

रंगावर जाऊ नका. हाडाजवळचा गुलाबीपणा बहुतेक वेळा कोवळ्या पक्ष्याच्या हाडातल्या मगजाचा रंग झिरपल्याने येतो, तो पूर्ण शिजलेल्या मांसातही दिसतो. उलट पांढरं दिसणारं मांसही आत कमी शिजलेलं असू शकतं. थर्मामीटर घ्या. टोक छातीच्या सर्वांत जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाला न टेकवता. ७४ अंश दाखवलं की निर्धास्त खा.

काटेतोल

आणि ७४ म्हणजे ७४, ८५ नव्हे. ब्राईन थोडी सवड देतं, ते जास्त शिजवण्याचा परवाना नाही. ८५ अंशांपर्यंत नेलेली छाती कोणत्याही मिठाने वाचत नाही. मोठा पक्षी ओव्हनबाहेर काढल्यावरही आत आणखी काही अंश चढतो, त्यामुळे थोडा अलीकडे काढून, थर्मामीटर आतच ठेवून ७४ गाठतोय ना हे बघावं.

नवी_चूल

कातडी कुरकुरीत व्हावी म्हणून बेकिंग पावडर लावतात असं ऐकलं. खरं आहे का?

काटेतोल

खरं आहे. बेकिंग पावडर किंचित अल्कधर्मी असते, त्याने कातडीवर खरपूस रंग लवकर येतो आणि बारीक फोड येऊन ती जास्त कुरकुरते. अख्ख्या कोंबडीला मिठात मिसळून एक सपाट लहान चमचा पुरे. खाण्याचा सोडा घालू नका, साबणासारखी चव येते. ही युक्ती कोरड्या पद्धतीतच चालते. साखरही काही जण लावतात, पण मोठ्या आचेवर ती मांस शिजण्याआधी करपते, म्हणून मंद आचेवर भाजणार असाल तरच. आणखी एक: कातडी मिठाला बऱ्यापैकी अडवते, तिच्याखालची चरबीही. छातीवरची कातडी बोटांनी हळूच सैल करून काही मीठ थेट मांसावर लावा.

तव्यावरची

शेवटची शंका. गोठवलेली कोंबडी थेट ब्राईनमध्ये टाकली तर वितळणं आणि मुरणं एकदमच होईल का? आणि अगदी ताजी कापलेली असेल तर?

अणुरेणू

गोठवलेली चालेल, फ्रीजमध्येच. पण बर्फ झालेल्या भागात मीठ शिरत नाही, त्यामुळे वितळण्याचा वेळ वेगळा धरावा लागतो, आणि बाहेरचा थर तोपर्यंत जास्त मीठ पितो. यासाठी समतोल पद्धतच घ्या, तीव्र द्रावण नको.

ताज्या कोंबडीचं उलट आहे. कापल्यावर स्नायू आधी आखडतात आणि काही तासांनी सैल होतात. त्या आधी शिजवली किंवा हाडावरून मांस काढलं तर ती वातड लागते. मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली की आखडलेपणही जातं आणि मीठही मुरतं. जाडीचा हिशेबही लक्षात ठेवा, मीठ पसरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. दुप्पट जाड तुकड्याला चौपट वेळ. म्हणून मोठ्या टर्कीला दोन-तीन दिवस आधी मीठ लावतात आणि छातीच्या पातळ कापांना तासाभरात काम होतं.

तव्यावरची

उद्यासाठीची कोंबडी आत्ता तोलली. १ किलो ४०० भरली, १४ ग्रॅम मीठ लावून खालच्या कप्प्यात ठेवते आहे.